सुमनबाईंची माटोळी

शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाने सांगायचा नाही, असा आमच्या सुमनबाईंचा हट्ट होता. पुस्तकात ‘ओंजळ’ आली की सगळा वर्ग उठून विहिरीवर. बाई एकेकाच्या हातांत कळशीने पाणी ओतायच्या आणि ते कोपरापर्यंत ओघळून कपडे भिजले की म्हणायच्या, “ही ओंजळ. आता वर्गात चल.” ‘निसरडं’ शिकताना तर मी चांगली आपटले. “शब्द हाताक लागूंक जाय,” म्हणजे हाताला लागलाच पाहिजे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला तो ढोपराला लागला, पण आजतागायत विसरले नाही.

शाळा सुर्ल्याची, मराठी प्राथमिक. बाहेर खनिजाचे ट्रक, आत बाकांवर तांबडी धूळ. माझे वडील कुडाळहून येऊन असाच एक ट्रक चालवत. आमच्या घरी मालवणी, गावच्या मुलांच्या घरी कोंकणी, पुस्तकात मराठी. तेव्हा डिचोलीच्या बाजारात मराठी की कोंकणी यावरून मोठी माणसं हमरीतुमरीवर यायची. बाईंच्या वर्गात तिन्ही भाषा एकाच बाकावर बसायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या.

एका जूनमध्ये यल्लव्वा आली. तिचे आईबाप घाटापलीकडून खाणीवर मजुरीला आलेले, घरात कानडी. पोरगी तोंडातून अक्षर काढीना. हेडमास्तर वैतागले. “चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही तर नाव कमी करतो. मुक्या मुलीला घेऊन काय करायचं?”

“मुकें न्हय तें,” बाई म्हणाल्या. “आयकता. आयकल्या बगर कोण उलयता?”

मग ऐकता ऐकता बोलू लागावी म्हणून त्यांनी यल्लव्वाला कामांना जुंपलं. खडू आण, खिडकी लाव, माठावरचं झाकण काढ. ती सगळं बिनचूक करी, पण गप्प. नाव कमी झालं की ती धाकट्या भावाला सांभाळत झोपडीत बसणार, हे आम्हाला ठाऊक होतं. बाई मात्र तिला एकदाही ‘बोल’ म्हणाल्या नाहीत.

आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-पानं बांधतात, ती माटोळी. सुट्टीआधी बाई वर्गातच एक टांगायच्या. नेम एकच: आणलेल्या वस्तूचं नाव सांगायचं आणि मग बांधायची. घरात जे नाव असेल ते चालायचं.

त्या दिवशी हेडमास्तर मुद्दाम दारात येऊन उभे राहिले. कवंडळं झाली, आंबाडे झाले, सुपारीचा घोस झाला. यल्लव्वाची पाळी आली. झोपडीमागच्या वेलावरची काकडी घेऊन ती उभी. कोणीतरी मागून कुजबुजलं, तर बाईंनी त्याला डोळ्यांनीच दाबलं.

“तवशें,” यल्लव्वा गावच्या मुलांकडे बघून म्हणाली. मग माझ्याकडे बघून, “तवसा.” मग पुस्तकावर बोट ठेवून, “काकडी.”

मला इतका अभिमान वाटला की जणू मीच पहिली आले. बाईंचा चेहरा तर बघण्यासारखा झाला होता. त्यांनी विचारलं, “आनी तुज्या घरांत?”

“सौतेकायी.”

बाईंनी म्हणून बघितलं. यल्लव्वाने मान हलवली. “तशें न्हय. परत म्हणा.”

बाई परत म्हणाल्या. मग तिने बाकांकडे बघितलं, तसे आम्ही सगळे म्हणालो. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ शिक्षक पाहिले, पण आपल्या विद्यार्थिनीपुढे इतक्या आनंदाने चुकणारी बाई दुसरी पाहिली नाही. मी त्यांच्या हाताखाली शिकले, हे मी कुठेही मान वर करून सांगते.

यल्लव्वा अजून काकडी बांधत नव्हती. ती दाराकडे बघत होती. वर्गात एकटे हेडमास्तरच तेवढे गप्प होते.

“सौतेकायी,” ते म्हणाले.

मग तिने काकडी बांधली.