तात्या आणि सोलरचा खटका

लाईट गेली की आमच्या कोरेगावच्या आळीत आधी पंखे थांबायचे आणि लगेच तात्यांचा आवाज सुरू व्हायचा. फौजेतून हवालदार होऊन परतलेले हे आमचे शेजारी वीज मंडळाच्या वायरमन दिलीपला फोन लावून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं झापायचे, "झोपलायस व्हय रं? चढ खांबावर!"

मग त्यांनी छपरावर सोलर बसवलं. "आता दिलप्याचं तोंड बघणार न्हाई," अशी दवंडीच पिटली. राहता राहिलं, लाईट जायची वाट बघणं. तर ती मेली आठवडाभर जाईना! शेवटी तात्यांनी दिलीपलाच फोन केला, "कामं करताय का न्हाई तुमी? लाईट का जात न्हाई?"

रविवारी भर दुपारी, मॅच रंगात आली असताना ती गेली. "या रं समदी!" तात्या गॅलरीतून गरजले. आम्ही सगळे त्यांच्या टीव्हीपुढे जाऊन बसलो. टीव्ही काळाठिक्कर. छपरावर ऊन नुसतं रणरणत होतं आणि खाली पंखासुद्धा हलेना. तात्यांच्या मंडळी, आमच्या काकू, पदराआड हसत म्हणाल्या, "आवं, आता सूर्याला फोन लावा की!"

तात्यांनी लावला तो सोलरवाल्या इंजिनिअरला, स्पीकरवर. यांच्या शिव्या संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्ही बॅटरी घेतलेली नाही. मग लाईन गेली की तुमचं सोलरही आपोआप बंद होतं. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावरचा माणूस चिकटेल."

तात्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या खांबावर दिलीप कमरेला पट्टा बांधून तार जोडत होता.

"आयला! ह्यो माझ्या हातनं मेला असता की गड्या," तात्या पुटपुटले. लाईट आली, तरी पुढची मॅच कुणी बघितली नाही.

त्या दिवसापासून लाईट गेली की तात्या आधी सोलरचा खटका स्वतः पाडायचे. ते आपोआप बंद होतं, हे मी त्यांना सतरांदा सांगितलं. "यंत्राला काय पोरंबाळं हायत?" हे त्यांचं उत्तर. मग दारात उभं राहून ओरडायचे, "सावकाश चढ रं!" आळीत कुणी कुरकुरलंच तर, "लय उकडतंय? मग तू चढ!"

मागच्या उन्हाळ्यात तात्या गेले. तेराव्याची पंगत बसली आणि नेमकी लाईट गेली. पंगतीतला दिलीप हातातला घास ताटात ठेवून उठला. काकू भिंतीचा आधार घेत आल्या, खटका पाडला आणि दाराशी जाऊन ओरडल्या, "सावकाश चढ रं!"