न मोजलेल्या नदीचं माप
गरम इस्त्रीखालच्या नव्या कापडाचा वास आला की काळाचौकीच्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. गावी मामाचं लग्न ठरलं होतं, नवरीचा ब्लाउज आईने शिवायचा होता, पण मापाचा ब्लाउज यायचा राहूनच गेला होता. हाताशी फक्त नवरीचा फोटो, आणि पार्सल संध्याकाळच्या एसटीने जायचं होतं. मी म्हटलं, ‘बाजूच्या काकूंचं माप घे की.’ आई म्हणाली, ‘शेजारी ऱ्हवता म्हणान माप जुळता काय गो?’ फोटो घेऊन ती चाळीच्या गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तशाच रुंद खांद्यांच्या, तशाच अंगलटीच्या एका नव्या सुनेला घेऊन आली. तिच्या मापाने कापड कापलं, वर शिवणीत चांगली माया सोडली, लागलंच तर उसवून सैल करायला जादा कापड. लग्नात एकच शिवण जरा उसवावी लागली. बाकी मामीला ब्लाउज चपखल बसला. परवा ऑफिसात कोकणातल्या एका नदीवरच्या पुलाचं काम आलं. तिच्या पुराचं पाणी कधी कुणी मोजलेलंच नाही. सहकारी म्हणाला, ‘शेजारच्या नदीचे आकडे घेऊ.’ मी त्याला आईचं वाक्य ऐकवलं, लांबची पण तशाच उताराची, तशाच मातीची मोजलेली नदी शोधली, आणि पुलाच्या उंचीत चांगली माया सोडली.