बसलेली पिल्लं

माझी आत्या बदकं पाळायची. कामाला वाघ, तोंडाची फटकळ, आणि आपलं चुकलं हे कबूल करायची तिला जन्मात सवय नव्हती. बदकांच्या बाबतीत तर तिच्यापुढे ब्र काढायची सोय नव्हती.

दरवर्षी पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की त्यांतली काही बसायची. म्हणजे पाय फाकायचे, सांधे सुजायचे, नडग्या वाकायच्या. बाकीची दाण्याकडे धावायची आणि ही सरपटत पोचेपर्यंत ताटली चाटूनपुसून साफ. "मुळातच कच्ची," आत्या म्हणायची, आणि शेडच्या मागे नेऊन स्वतःच्या हाताने त्यांची मान पिरगळायची. उपाशी तडफडण्यापेक्षा हे बरं, असं तिचं म्हणणं. ते काम तिने कधी दुसऱ्यावर ढकललं नाही. लहानपणी मला तिचा भयंकर राग यायचा. मोठी झाल्यावर त्यातलं धैर्य दिसू लागलं.

एका वर्षी तिसांपैकी बारा बसली. सकाळी आत्याने एकाला संपवलं, दुसरं हातात घेतलं, तेवढ्यात शेजाऱ्यांची गाय तपासायला आलेली जनावरांची डॉक्टरीण कुंपणापलीकडून ओरडली, "अहो, थांबा! मला बघू द्या आधी."

तिने पिल्लाचा सांधा बोटांनी चाचपला. "यांना खायला काय घालता?"

"सगळ्यात चांगलं," आत्या म्हणाली, आणि कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्याचं पोतं ऐटीत पुढे ओढलं.

"कोंबडीच्या पिल्लांना हे पुरतं हो. पण नायसिन नावाचं एक जीवनसत्त्व आहे, ते बदकाच्या पिल्लांना जवळजवळ दुप्पट लागतं. कमी पडलं की पाय असे होतात. खाद्यात रोज यीस्टची पूड मिसळा, पाण्यात मी देते ते औषध घाला. आणि पुढच्या खेपेला पहिल्या दिवसापासून द्या, म्हणजे ही वेळच येणार नाही."

"उठतील?"

"लवकर कळलं तर बरीच उठतात. हाडच वाकडं झालं असेल, तर नाही."

आत्याने अकराही पिल्लं वेगळ्या खोक्यात, पाय घसरणार नाहीत अशा जाड गवतावर ठेवली. ताटली त्यांच्या चोचीपाशी सरकवली. औषधाचं पाणी ती स्वतः बदलायची, मला हात लावू द्यायची नाही. चौथ्या दिवशी एक उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. मी टाळ्या पिटल्या. आत्या नुसती बघत राहिली. पंधरवड्यात नऊ चालू लागली.

दोघांचे पाय वाकडेच राहिले. मला वाटलं, आता ती त्यांना शेडमागे नेणार. पण तिने त्यांना उचलून हौदावर नेलं आणि पाण्यात सोडलं. दोघंही हळूहळू पोहू लागली. आत्या काठावर बसली, त्यांच्यावरची नजर न काढता.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आत्या, तुला काय माहीत होतं? यात तुझा काय दोष?"

"माहीत नव्हतं, खरंय."

 मग पाण्याकडे बघतच म्हणाली, "इतकी वर्षं मी त्यांना कच्ची म्हणत आले गं. मी घालते ते खाणं त्यांना पुरतं का, हे एकदाही कुणाला विचारलं नाही."