मीटरवरचे तीन डाग

भूतखेत, करणी, नजर... यातलं मी काही मानत नाही. अमावस्येला गाडीला लिंबू बांधायलाही माझा विरोध, कारण रस गळून रंग खराब होतो. खालचं वाचून मला वेडी म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

कोल्हापुरात, राजारामपुरीत आमची लॉन्ड्री आहे. वीस वर्षं लोकांचे डाग काढते आहे — हळद, पान, ग्रीस, तांबडा रस्सा. बहुतेक डाग मी नुसत्या वासावरून ओळखते.

गेल्या वर्षी मुरगूडच्या एका घरातून जुनी चारचाकी गाडी घेतली. मालक वारले होते म्हणून घरच्यांनी विकायला काढलेली. गाडी चांगली होती. फक्त स्पीडोमीटरवरच्या पारदर्शक प्लास्टिकवर बोटाच्या टोकाएवढे तीन पिवळट डाग होते. एक डाग, मग मोकळी जागा, मग दोन डाग.

मला वाटलं, पूजेची हळद असेल. पण हळदीला साबण लागला की ती लाल होते. हे डाग लाल झाले नाहीत. गाडी उन्हात ठेवली, टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने घासलं. ओलं असेपर्यंत प्लास्टिक स्वच्छ दिसायचं, वाळलं की तिन्ही डाग जागच्या जागी! मी थिनरची बाटली काढली तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, प्लास्टिक पांढरं फटक पडंल की. डागच हाय न्हवं, राहू दे." पण मी महिनाभर त्या डागांच्या मागे हात धुऊन लागले होते.

मग एका सोमवारी सकाळी हे बिद्रीला कामावर निघाले. गाडी चालू करून बसले होते. एकदा पुसून घ्यावं म्हणून मी फडकं घेऊन आत वाकले... आणि थांबले. बामाचा वास. ताजा, नाकाला झोंबणारा. डागाला बोट लावलं तर तो ओला होता.

"बाम लावलाय तुम्ही?"

"बाम कशाला लावू? छातीत जरा जळजळतंय कालपासनं. पित्त हाय."

डाग जात नसेल तर ज्याचा कपडा त्यालाच विचारायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. स्वतःच्या नाकाच्या तोऱ्यात मी तो महिनाभर पाळला नव्हता. तिथेच उभी राहून मुरगूडच्या काकूंना, म्हणजे त्या मालकांच्या बायकोला, फोन लावला. मीटरवरच्या डागांचं विचारलं.

"आमच्या मालकांच्या हाताचं हाय ते, ताई. गॅस झालाय म्हणत छातीला बाम चोळत निघालते. वाटंत गाडी कडंला घेतली... सापडले तवा हात मीटरवरच टेकल्याला हुता."

"पण काकू, बोटं तीनच आहेत."

"मधलं बोट न्हवतं की त्यास्नी. गुऱ्हाळाच्या चरकात गेलतं, लगीन व्हायच्या आधी."

समोर यांचा हात छातीवर गेला होता आणि कपाळावर घाम होता. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली, रिक्षा थांबवली आणि हे नको नको म्हणत असताना दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास गाडी चालवली असती तर... पुढचं ते बोलले नाहीत, मीही लिहीत नाही.

हे वाचले. घरी आल्यावर मीटर पुसायला गेले, तर कोरड्या फडक्यानेच डाग निघाले. मी त्या सीटवर बसून रडले. बामाने प्लास्टिक खराब होतं, हे मला पटतं. पण इतक्या दिवसांनी तो बाम ओला कसा झाला, हे मला आजही सांगता येत नाही.

यांना गाडी चालवायची मनाई आहे. तेव्हापासून मीच चालवते.

आज सकाळी दुकानात जायला गाडीचं दार उघडलं... बामाचा वास. मीटरवर तीन ओले डाग. एक, मोकळी जागा, दोन. मी घाबरून यांच्याकडे बघितलं.

"मी ठणठणीत हाय," हे म्हणाले. "तुला का एवढा घाम फुटलाय?"

दवाखान्यातल्या बाकावर बसून हे लिहिते आहे. माझ्या पुढे दोन पेशंट आहेत. हे माझी पर्स मांडीवर घेऊन बसलेत, आणि मला फार भीती वाटते आहे. मघाशी नर्सने विचारलं, काय होतंय? माझ्या तोंडून निघून गेलं, "काही नाही, जरा पित्त आहे."