बाराव्या डब्यातली अश्वगंधा

माझे काका एकतीस वर्षं बोल्टच्या कारखान्यात तपासणीस होते. शंभर बोल्टांच्या खोक्यातून चार उचलायचे, यंत्रात धरून तुटेपर्यंत ताणायचे आणि त्यावरून उरलेल्या शहाण्णवांचं भविष्य सांगायचं. "मोडल्याशिवाय कळत नाही," असं ते कारखान्यात म्हणायचे. निवृत्तीनंतर घरातही म्हणू लागले.

काकूला वर्षभर धड झोप नव्हती. डॉक्टर झाले, गोळ्यांनी दिवसभर डोकं जड व्हायचं. मग वैद्यबाईंनी अश्वगंधेचं मूळ सुचवलं, पण बाजारच्या पुडीनं पोट बिघडलं. "त्यात काय कुटून घातलंय देव जाणे. घरच्या मातीतलं असेल तर घेईन, नाहीतर जागीच बरी," असा काकूनं निकाल दिला.

काकांनी मागच्या अंगणात तेलाचे बारा रिकामे डबे मांडले. बुडाला भोकं पाडली, मातीत वाळू मिसळली, बी पेरलं आणि प्रत्येक डब्यावर रंगानं आकडा घातला. वैद्यबाईंनी बजावलं होतं, "पाच-सहा महिने हात लावायचा नाही. पानं पिवळी पडली, फळं लाल झाली, की मगच उपटा."

काका दोन महिने थांबले. पालेभाजी असती तर वरून दिसली असती. इथे सगळा माल मातीखाली. सकाळी चहाच्या आधी ते डब्यांपुढे उकिडवे बसायचे आणि तोंड पाडून परत यायचे. एका सकाळी त्यांनी पहिला डबा उपटला. मूळ दोऱ्याएवढं. पंधरा दिवसांनी दुसरा.

"अहो, तो औषधाचा मळा आहे की तुमचा कारखाना?"

"नमुना काढला नाही तर कळणार कसं? हुंग, घोड्यासारखा वास यायला हवा म्हणतात."

"मी आयुष्यात घोडा कधी हुंगलाय? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!"

मूळ बारीक निघालं की धास्ती वाढायची आणि धास्ती वाढली की आणखी एक उपटलं जायचं. त्यात काळजीपोटी पाणी जास्त झालं आणि तीन झाडं बुडाशी कुजली. पाचव्या महिन्यात अकरा डबे रिकामे होते. त्या दिवशी काकूनं खुर्ची अंगणात नेली आणि बाराव्या डब्याशेजारी ठाण मांडलं. भाजी तिथेच निवडायची, पेपर तिथेच वाचायची. डोळ्यांखालची काळी वर्तुळं उन्हात आणखी गडद दिसायची.

मग पानं पिवळी पडू लागली. फळं मात्र हिरवीच.

काकांनी मला ऑफिसात फोन केला. "फोटो पाठवलाय. हे पिकणं आहे की सडणं?"

"फोटोवरून कसं सांगू? मातीचा ओलावा मोजायचं यंत्र आणू का?"

"त्यात मूळ दिसतं?"

"नाही."

"मग तुझ्या इंजिनिअरिंगचा उपयोग काय?" ते हसले नाहीत. पुढे म्हणाले, "सडत असेल तर आजच काढायला हवं गं. पिकत असेल तर काढून वाटोळं. आणि हे गेलं तर ती पुन्हा लावूसुद्धा देणार नाही."

रविवारी दुपारी मी गेले, तर काका अंगणाच्या दारात उभे. हातात खुरपं. मला बघताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

काकू खुर्चीत झोपली होती. मान एका बाजूला कललेली, मांडीवर अर्धी निवडलेली मेथी, तोंड किंचित उघडं. राखण करता करता लागलेला डोळा.

"किती वेळ झाला?" मी कुजबुजले.

"वीस मिनिटं. मी हलत नाहीये."

बारावा डबा तिच्या पायाशी होता, काकांपासून तीन पावलांवर. अडवायला कोणी नव्हतं. त्यांची नजर पिवळ्या पानांवरून काकूकडे जात होती, तिथून परत पानांवर. खुरप्यावरची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी एक पाऊल टाकलं.

तेवढ्यात वारा आला आणि दार करकरलं. काका झटक्यात वळले, दार आपटायच्या आत दोन्ही हातांनी धरलं. खुरपं पडलं ते नशिबानं पायपुसण्यावर.

काकूनं कूस बदलल्यासारखं केलं. उठली नाही.

"खुरपं आत ने," काका म्हणाले. दोन्ही हात दारावर, कपाळावर घाम. "आणि लपवून ठेव. कुठे, ते मला सांगू नकोस."