नरकाच्या फळीसमोर

लता कुवेतच्या एका सरकारी इस्पितळात अठ्ठावीस वर्षं नर्स होती. तिच्या वॉर्डात पडून राहिलेल्या पेशंटला पाठीला जखम झाली असं कधी घडलं नाही. घरीही नाही. तिचा नवरा प्रभाकर अडीच वर्षं चाकाच्या खुर्चीत होता, पण त्याच्या टाचांवर लाल डागसुद्धा कुणाला सापडला नसता. वेळेवर औषध, वेळेवर कुशीवर वळवणं, गाळलेला मऊ भात, आठवड्याला नखं. मराठी मंडळातल्या बायका तिला सावित्री म्हणायच्या. लता म्हणायची, "अहो, सवयच आहे हाताला."

प्रभाकर कुवेत सिटीच्या मिरकाब भागातल्या एका कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन होता. माणूस हुशार, वाचलेला, पुण्याचा. चारचौघांत बसला की बैठक त्याच्याभोवती जमायची, आणि बैठक रंगवायला त्याला रोज नवा विषय शोधावा लागत नसे, कारण लता घरातच होती. ती परभणीकडची, जिंतूरजवळच्या खेड्यातली. तिच्या तोंडून चुकून "करायलेय", "जायलेय" गेलं की तो पाहुण्यांसमोर तेच वाक्य तिच्या आवाजात म्हणून दाखवायचा. लोक हसायचे. लताही हसायची, नाहीतर ते गेल्यावर तो विचारायचा, "तोंड वाकडं करून का बसली होतीस?"

तिच्या आईची पत्रं यायची. आई उतारवयात प्रौढांच्या वर्गात लिहायला शिकली होती. अक्षर मोठं, वेलांट्या उलट्या. ती पत्रं प्रभाकर शुक्रवारच्या जेवणानंतर मोठ्याने वाचायचा. "लते, म्हैस येली. तुझ्या वाटचा खरवस शेजारच्या पोरीला दिला, ती तुझ्यावाणीच दिसायलीय." एवढं वाचून थांबायचा आणि म्हणायचा, "बघा, आमच्या सासूबाईंची काव्यप्रतिभा." एकच पत्र तीन-तीन शुक्रवार चालायचं. लताला ती सगळी पाठ झाली, त्याच्या आवाजात.

ती आई गेली तेव्हा लताकडे मोबाइल नव्हता. गावचे फोन प्रभाकरच्या ऑफिसात यायचे. तो निरोप त्याने नऊ दिवस स्वतःजवळ ठेवला. मंडळाचा गणपती होता आणि साठ माणसांचा स्वयंपाक लताकडे होता. विसर्जन झालं, भांडी घासून झाली, तेव्हा त्याने सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. तो म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तू जेवण बिघडवलं असतंस."

मुलगा आशय कॉलेजात गेला त्या वर्षी दोघं इटलीला फिरायला गेली. फ्लॉरेन्सला एका मोठ्या संग्रहालयाबाहेर प्रभाकरने तिच्या हातात दोन्ही बॅगा दिल्या. तिकिटं दोन काढलेली होती. तरी म्हणाला, "तू बाहेरच बस. आत तुला काय कळणार? देव दिसले की तू हात जोडत उभी राहशील." ती तीन तास पायरीवर बसली. कुवेतला परतल्यावर ती गोष्ट त्याने किमान दहा घरांत सांगितली, आणि दर घरी तिच्या हात जोडण्याची नक्कल करून दाखवली. तिने प्रत्यक्षात हात जोडलेच नव्हते.

मग अडीच वर्षांपूर्वी ऑफिसात बसल्या जागी त्याच्या मेंदूत गुठळी झाली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. फक्त शब्द बाहेर येत नाहीत." इजिप्तची एक स्पीच थेरपिस्ट दर पंधरा दिवसांनी त्याला तपासायची. तिने लताला बजावून ठेवलं होतं, "कुठल्याही भाषेतला एक शब्द आला तरी मला लगेच सांगा. एक आला की त्याला धरून बाकीचे ओढता येतात."

नोकरी गेल्यावर त्याचा इकामा लताच्या नावावर आला. कुवेतमध्ये राहण्याच्या परवान्याचा तो कागद तिने फाइलीत लावला, तेव्हा त्याच्या फोटोखाली 'पत्नीवर अवलंबून' असं लिहिलेलं दोनदा वाचलं.

त्या नोव्हेंबरात कुवेत सिटीतल्या एका संग्रहालयात जुनी इटालियन चित्रं आली. सातशे वर्षांपूर्वी लाकडी फळ्यांवर काढलेली, सोन्याचा वर्ख लावलेली, चर्चमधली. इस्पितळातल्या एका केरळी मैत्रिणीने सांगितलं म्हणून लता सुट्टीच्या मंगळवारी एकटीच गेली. तिने तिकीट काढलं. आत कुणी तिला अडवलं नाही.

तिला चित्रं आवडली आणि कळलीही. माता मरियमच्या चेहऱ्यावरचा वरचा गुलाबी रंग झिजून खालचा हिरवा दिसत होता. लताला वाटलं, यकृताच्या पेशंटची कातडी अशीच होते. एका लहान फळीवर बाळंतपण होतं. लाल पांघरुणात दमलेली आई, दारातून वाफाळता वाडगा घेऊन येणारी बाई, आणि दोघी दाया. एकीच्या मांडीवर बाळ, दुसरी पाण्यात हात घालून ऊन किती ते बघतेय. लताने सहा वर्षं लेबर वॉर्डात काढली होती. तिथे ती बराच वेळ उभी राहिली.

नंतर समोरच्या भिंतीवरची फळी तिला दिसली. नरकाची होती. काळेनिळे सैतान, उकळत्या कढया. डाव्या कोपऱ्यात एका माणसाला खांबाला बांधलेलं, आणि एक सैतान चिमट्याने त्याची जीभ ओढतोय. जीभ हातभर लांब झालेली. खालच्या पाटीवर लिहिलं होतं, निंदा करणाऱ्यांची शिक्षा. जुन्या काळी भाविकांनी रागाने सैतानांचे डोळे खिळ्याने खरवडून टाकले होते. त्या जीभ ओढणाऱ्या सैतानाचे मात्र शाबूत होते.

पुढच्या मंगळवारी ती प्रभाकरला घेऊन आली.

तिने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. खुर्ची नरकाच्या फळीसमोर आणून दोन्ही ब्रेक लावले, मान खाली पडू नये म्हणून मागे उशी सरकवली. मग वाकून हळूच म्हणाली, "बघा. तुम्हाला तर सगळं कळतं यातलं." आणि ती खाली चहा प्यायला गेली. तासाभराने परतली तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटलेले होते आणि गालावर ओल होती. तिने रुमालाने गाल पुसले. त्या दिवशी कितीतरी वर्षांनी तिला दुपारी गाढ झोप लागली.

मग दर मंगळवारी हेच. त्याने डोळे मिटले तर ती कानाशी चित्र सांगायची, एकेक कढई, एकेक माणूस. एकदा तिने आईचं पत्र म्हटलं, पहिल्या ओळीपासून, आईच्याच बोलीत, सावकाश. प्रभाकरने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. तिने एकेक बोट सोडवून तो हात त्याच्या मांडीवर ठेवला आणि पुढचं पत्र सुरू केलं.

आशय टोरांटोहून म्हणाला, "बाबांना आउटिंग मिळतंय, दॅट्स सो स्वीट, आई." मंडळात तिचं कौतुक आणखी वाढलं.

त्या दालनात युसूफ नावाचा एक पहारेकरी असायचा. पन्नाशीचा, मंडणगडकडचा. लता खुर्चीपाशी मराठी बोलताना त्याने पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती चहा घेऊन वर येत होती, तेव्हा तो तिला जिन्यातच भेटला. चेहऱ्यावर गुपित सांगायचा आनंद होता.

"ताई, एक सांगू काय? रागवू नका."

"सांगा की."

"तुमी खाली गेलात ना, की साहेब हिकडे थांबतच नाय. पैल्यांदा मला हाताने खूण केलीन, त्या बाळंतिणीच्या चित्राकडे. मी ढकलत नेलं. आता मी फक्त ब्रेक काढतो, डाव्या पायाने सरकत आपणच जातात. तुमची यायची वेळ झाली की परत आणून ठेवतो."

लताने कप धरलेला हात कठड्यावर टेकवला. "परत का आणता?"

"त्यांनाच तसं हवं असतं. मी म्हटलं, तुमाला अचानक दाखवून खूश करायचं असेल." युसूफ हसला. "आणि ताई, दोन मंगळवार झाले, साहेब बोलतात. त्या दाईच्या मांडीकडे बोट करतात आणि म्हणतात, बाळ. अगदी साफ. मी माझ्या कानाने ऐकलं. हसतात पण. इथे येऊन त्यांना बरं वाटतंय बघा. तुमच्या सेवेला फळ आलं."

लता म्हणाली, "तुमचे उपकार झाले, युसूफभाई."

ती वर गेली. प्रभाकर नरकाच्या फळीसमोर डोळे मिटून बसला होता, नेहमीसारखा. गालावर ओल नव्हती. आता तिच्या लक्षात आलं, ओल बरेच मंगळवार नव्हती.

पुढच्या मंगळवारी ती आंघोळ करून बाहेर आली तेव्हा तो दारापाशी होता. शर्ट त्याने स्वतः घातला होता. एका हाताने चार बटणं लावली होती, त्यातली दोन चुकीच्या काज्यात. केसांना पाणी लावलं होतं.

"प्रदर्शन बंद झालं," लता म्हणाली.

ते एप्रिलअखेरपर्यंत होतं. त्याच्या समोरच्या टेबलावरच्या वर्तमानपत्रात जाहिरातही होती. त्याने बोट तिकडे नेलं. तिने वर्तमानपत्र घडी करून उचललं आणि त्याचा शर्ट काढू लागली, चांगली बाजू आधी, लुळी नंतर, नर्सिंगच्या शाळेत शिकवतात तसा. हात पिरगळला जाणार नाही याची काळजी घेतली. तेव्हा तिला स्वतःची थोडी भीती वाटली. पण हात थांबले नाहीत.

त्या गुरुवारी थेरपिस्टची पाळी होती. थेरपिस्टने नेहमीप्रमाणे रंगीत कार्डं मांडली. चावी, कप, मांजर. प्रभाकर गप्प. मग तिने बाई आणि तान्हं मूल असलेलं कार्ड ठेवलं. त्याचं अंग पुढे आलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला.

"बाळ," तो म्हणाला.

शब्द स्पष्ट होता. 'ळ'सुद्धा जागेवर होता. थेरपिस्टची पेन्सिल थांबली. तिने लताकडे पाहून इंग्रजीत विचारलं, "हा शब्द आहे? तुमच्या भाषेत याचा काही अर्थ होतो?"

प्रभाकरही लताकडे बघत होता. इतकी वर्षं त्याने तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. मागणारे डोळे होते ते. "बाळ," तो पुन्हा म्हणाला, या वेळी तिला.

"नाही," लता म्हणाली. "अर्थ नाही काही. तो नुसता असे आवाज काढतो."

"नक्की?"

"घरी दिवसभर चालू असतं."

थेरपिस्टने मान हलवली आणि कागदावर लिहिलं की बदल नाही. मग जरा संकोचून म्हणाली, की अडीच वर्षं झाली, यापुढे पंधरा दिवसांनी येण्याची गरज नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवलं तरी चालेल. प्रभाकरच्या तोंडून तोच शब्द आणखी तीन-चार वेळा आला, दर वेळी मोठ्याने. थेरपिस्टने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि लताला म्हणाली, "तुम्ही खूप सोसता."

लताने पेन घेतलं आणि खाली नातेवाइकाच्या रकान्यात सही केली.