दाणा नव्हे, दात

हजारो वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाची कबर मी धान्य समजून घमेल्यात ओतली होती. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती पोट धरून हसतात, मीही हसते. गेल्या महिन्यात शिंदखेड्याहून जिजाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मात्र... दहाव्याला कुणी तरी म्हणालं, "बिचारी अडाणी होती." त्याला मी तिथल्या तिथे गप्प केलं. अडाणी कोण होतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

ऐंशीच्या दशकात तापीकाठच्या एका पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खनन चालू होतं. अक्का तिथे रोजानं माती चाळायची. मी देवपूरहून आलेली विद्यार्थिनी, गळ्यात टेप आणि नाक वर. एका जुन्या घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी निघाली. माझी आई बियाणं मडक्यात भरून तोंड लिंपून ठेवायची, तेवढ्यावर मी जाहीर केलं, "बियाण्याची आहेत." फोटो नाही, चित्र नाही, दाणे शोधायला सगळी माती उपसली. दुपारी अक्कानं तळहात पुढे केला. "बाई, हाऊ दाना नई. दात शे, दूधना."

हाडं कशी ठेवली होती ते आता कळणार नाही, 'दफन आधीच विस्कटलेले' लिहून मोकळ्या व्हा, असं प्रमुख सर म्हणाले. मी पेन उघडलंसुद्धा, इतकी शहाणी. अक्कानं चाळणी खाली ठेवली. "मायनी घरमा पुरेल पोर शे साहेब, कचरा नई." उद्यापासून येऊ नका, सर तिला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ती खड्ड्याच्या काठावर बसलेली, समोर फडक्यांवर दोन ढीग. उत्तरेच्या मडक्यातली माती वेगळी, दक्षिणेच्या वेगळी. मी बेफिकीरपणे दिलेली घमेली तिनं कधी एकत्र केलीच नव्हती. उत्तरेच्या ढिगात कवटीचे तुकडे नि दात, दक्षिणेच्या ढिगात पायांची हाडं. म्हणजे मूल उत्तरेला डोकं करून निजवलेलं. सरांनी वाकून दोन्ही ढीग पाहिले, मग मला म्हणाले, "नवं पान घ्या."

माझी कच्ची वही अजून आहे. त्या पानावर मातीचं एक बोट उमटलंय. अक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं होतं, 'उत्खनकाच्या चुकीमुळे मडकी नोंदीआधीच रिकामी झाली.' त्या ओळीवर बोट टेकवून ती म्हणाली,

"हाऊ उत्खनक कोन शे वं? पोरनं नाव गयं, तुनं तरी लिख."